चार मतांनी हरलो. कोर्टात जावं का?

वाचकाचं पत्र (थोडक्यात): आमच्या वहिनी हवेली तालुक्यातल्या आमच्या गावी प्रभाग 3 मधून ग्रामपंचायतीला उभ्या होत्या. जागा ओबीसी महिला राखीव. मोजणी झाली आणि आम्ही 4 मतांनी हरलो. फेरमोजणी मागितली तर साहेब म्हणाले, ‘झालं आता.’ यादीतल्या दोन मयत माणसांच्या नावावर मतदान झालंय. एक बाई दुसऱ्या प्रभागात मत देऊन परत आमच्याकडे देऊन गेली. आदल्या रात्री पाकिटं वाटली हे अख्ख्या गावाला माहीत आहे. निवडून आलेल्या बाईंचं निम्मं घर गायरानात आहे. छाननीत हरकत घेतली, ती फेटाळली. त्यांची जात वैधताही अजून झालेली नाही. एक वकील मित्र म्हणतो थेट हायकोर्टात रिट टाकू. पॅनेलप्रमुख म्हणतात 45 दिवस असतात, घाई नको. मी सिंहगड रोडला राहतो, रजा काढून हे सगळं मीच बघतोय. काय करावं? — एक वाचक, पुणे

उत्तर:

तुमचं पत्र निकालानंतर तिसऱ्या दिवशी हातात पडलं. हे उत्तर छापून येईपर्यंत तुमची मुदत निघून गेली असती, म्हणून मुख्य गोष्ट तुम्हाला फोनवर आधीच कळवली. इथे सविस्तर लिहितोय ते तुमच्यासाठी आणि अशा प्रत्येक निवडणुकीनंतर हेच प्रश्न घेऊन शिवाजीनगर कोर्टाच्या आवारात फिरणाऱ्या इतरांसाठी.

आधी ते 45 दिवस. पॅनेलप्रमुख खोटं बोलत नाहीत, पण ते दुसऱ्याच निवडणुकीचं सांगताहेत. 45 दिवस असतात विधानसभा आणि लोकसभेला. तिथे लोकप्रतिनिधित्व कायदा 1951 लागतो आणि याचिका उच्च न्यायालयात करावी लागते. ग्रामपंचायतीला महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियमाचं कलम 15 लागतं, आणि त्यात निकाल जाहीर झाल्यापासून 15 दिवस आहेत. अर्ज करायचा तो दिवाणी न्यायाधीश, कनिष्ठ स्तर यांच्याकडे. तुमचं गाव हवेलीतलं म्हणजे कोर्ट पुण्याचं. जुन्नरचं गाव असतं तर जुन्नर, इंदापूरचं असतं तर इंदापूर. महापालिकेला तर अवघे 10 दिवस मिळतात. निवडणूक बदलली की कायदा, कोर्ट आणि मुदत तिन्ही बदलतात. ‘उशीर माफ करून घेऊ’ हा दिवाणी दाव्यांतला भरवसा इथे धरू नका. विधानसभा-लोकसभेच्या याचिकांना उशिराच्या माफीची तरतूद लागू होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 1974 मध्येच सांगून टाकलं आहे. तुम्ही पंधराव्या दिवसाची वाट न बघता बाराव्या दिवशी अर्ज दाखल झालेला असेल असं बघा. कोर्टाच्या खिडकीवर एखादी त्रुटी निघतेच, आणि ती दुरुस्त करायला दोन दिवस हातात लागतात.

रिटचा विचारही सोडा. राज्यघटनेच्या अनुच्छेद 243-ओ प्रमाणे पंचायतीच्या निवडणुकीला आव्हान द्यायचं तर कायद्याने नेमून दिलेल्या मार्गानेच द्यावं लागतं. विधानसभा-लोकसभेसाठी अशीच तरतूद अनुच्छेद 329 मध्ये आहे, आणि पोन्नुस्वामी प्रकरणात 1952 सालीच सर्वोच्च न्यायालयाने तिचा अर्थ लावून दिला आहे. हायकोर्ट तुम्हाला कलम 15 खाली जायला सांगेल, आणि तोवर तुमचे पंधरा दिवस मुंबईच्या फेऱ्यांत गेलेले असतील. मित्राचा हेतू चांगला असेल, पण निवडणुकीचं काम त्याने फारसं केलेलं दिसत नाही.

आता मुद्द्यांकडे येऊ. तुम्ही पत्रात पाच-सहा तक्रारी एका दमात लिहिल्या आहेत. कोर्टात त्या प्रत्येकीचं घर वेगळं आहे, आणि त्यातल्या दोन तर या कोर्टाच्या नाहीतच.

मयतांच्या नावावरचं आणि दुबार मतदान आधी घेतो, कारण तुमची सगळी भिस्त त्यावर दिसते. मयताच्या नावावर पडलेलं मत अवैध. एकाच बाईने दोन प्रभागांत मत दिलं तर तेही अवैध. इथपर्यंत तुमचं बरोबर आहे. पण तुमच्याच पत्रातली बेरीज करून बघा: दोन मयत आणि एक दुबार, म्हणजे 3. फरक 4 चा. ही तिन्ही मतं विजयी बाईंनाच गेली असं धरून वजा केली तरी त्या एका मताने पुढे राहतात. अवैध मतांचा निकालावर खरोखर परिणाम झाला का, हा इथला कळीचा प्रश्न आहे, आणि आज तुमच्या हातात त्याचं उत्तर ‘नाही’ असं आहे. त्यामुळे मतदारयादी घेऊन बसा. ग्रामपंचायत कार्यालयात मृत्यूची नोंद असते, तिच्याशी प्रभाग 3 ची यादी नावानिशी ताडून बघा. गावातली किती नावं शेजारच्या प्रभागात किंवा शहराच्या यादीतही आहेत ते काढा. आकडा 4 च्या पुढे गेला तर अर्जात दम आहे. नाही गेला तर हा मुद्दा फक्त आधाराला ठेवा.

आकडा पुढे गेला तरी एक अडचण उरते. ती मतं कोणाला पडली हे मशीन तुम्हाला सांगणार नाही. ‘बहुधा समोरच्यांनाच’ हे पुराव्यात धरत नाहीत. निकालावरचा परिणाम अंदाजाने ठरत नाही, सिद्ध करावा लागतो, हे सर्वोच्च न्यायालय 1954 पासून सांगत आलं आहे. म्हणून मागणी दोन पायऱ्यांत ठेवा: वहिनींना निवडून आल्याचं घोषित करावं, आणि ते शक्य नसेल तर निवडणूक रद्द करावी. पहिली मागणी केली की त्या जागेसाठी लढलेल्या सगळ्या उमेदवारांना प्रतिवादी करा. ज्या बाईंना अकराच मतं पडली त्यांनाही. आवश्यक प्रतिवादी गाळला म्हणून उंबरठ्यावरच संपलेली प्रकरणं कमी नाहीत.

इथे दोन निकाल सांगतो, दोन्ही विधानसभा-लोकसभेचे, पण गणित तेच. गुजरातमध्ये धोळका मतदारसंघात 2017 साली विजयी उमेदवाराचं मताधिक्य 327 होतं, आणि मोजणीत बेकायदा बाद केलेली टपाली मतं निघाली 429. बाद मतं फरकापेक्षा जास्त होती, आणि त्यांचा कागद होता. गुजरात उच्च न्यायालयाने मे 2020 मध्ये ती निवडणूक रद्द केली (सर्वोच्च न्यायालयाने काही दिवसांतच त्या निर्णयाला स्थगिती दिली, ते वेगळं). दुसरा निकाल आपल्या मुंबईचा. 2024 च्या लोकसभेत मुंबई वायव्यमध्ये फरक होता फक्त 48 मतांचा. पराभूत उमेदवाराचा एक मुद्दा प्रदत्त मतांचा होता. आपल्या नावावर आधीच कोणी मत देऊन गेलं असेल तर खऱ्या मतदाराला जी वेगळी मतपत्रिका देतात, ती ही मतं. फरकाच्या कितीतरी पट प्रदत्त मतं असूनही मुंबई उच्च न्यायालयाने डिसेंबर 2024 मध्ये ती याचिका पुराव्यापर्यंत जाऊच दिली नाही. निकालावर परिणाम कसा झाला याची ठोस तथ्यं याचिकेत मांडलेली नव्हती, असं न्यायालयाचं म्हणणं पडलं. फरक छोटा आहे एवढ्यावर कोर्ट हलत नाही, हे यातून घ्या.

‘ठोस तथ्यं’ म्हणजे काय, हे पाकिटांच्या मुद्द्यावर नीट दाखवता येईल. बहुतेक अर्जांत असा परिच्छेद असतो: “प्रतिवादीने मतदानाच्या आदल्या दिवशी मतदारांना पैशांचे आमिष दाखवून मोठ्या प्रमाणात गैरप्रकार केले व लोकशाहीची थट्टा केली.” समोरचा वकील हा परिच्छेद वाचतो आणि खूश होतो. कोणी दिले, कोणाला दिले, कुठे, किती वाजता, किती, यातलं एकही त्यात नाही. तोच परिच्छेद असा हवा: “मतदानाच्या आदल्या रात्री साडेनऊच्या सुमारास मारुती मंदिरामागे अमुक यांच्या ओट्यावर प्रतिवादीच्या पतीने, प्रतिवादी तिथे हजर असताना, अमुक व तमुक या मतदारांना प्रत्येकी इतके रुपये असलेले पाकीट दिले, ते साक्षीदार अमुक यांनी पाहिले, त्याच रात्री पोलीस ठाण्यात दिलेल्या तक्रारीची पोच सोबत जोडली आहे.” असा परिच्छेद तुम्हाला लिहिता येत असेल तर लिहा. येत नसेल तर हा मुद्दा वगळलेला बरा.

कारण निवडणुकीतल्या भ्रष्ट आचरणाचा आरोप कोर्ट जवळजवळ फौजदारी गुन्ह्यासारखा तोलतं; संशयाचा फायदा विजयी उमेदवाराला मिळतो. शिवाय पाकीट घेतलेला माणूस साक्षीला उभा करायचा म्हणजे त्याने पिंजऱ्यात ‘मी पैसे घेतले’ असं म्हणायचं. चावडीवर हे सांगणारे वीस जण भेटतील. समन्स निघालं की त्यातले अठरा जण ‘मुलीकडे सांगलीला गेलोय’ म्हणतील. उरलेल्या दोघांना उलटतपासात पहिला प्रश्न येईल: मग तुम्ही मत कोणाला दिलं? तुमचा बरा साक्षीदार त्या एका प्रश्नावर गडबडतो आणि त्याच्यासोबत बाकीचे मुद्देही कच्चे दिसू लागतात. ‘अख्ख्या गावाला माहीत आहे’ हे वाक्य अर्जात कुठेही येऊ देऊ नका.

फेरमोजणीबद्दल थोडक्यात. तुम्ही ती तोंडी मागितली, आणि ‘झालं आता’ हे उत्तरही तोंडीच. फेरमोजणी मागायची ती तिथेच टेबलावर, लेखी, कारण लिहून, आणि पोच घेऊन. त्या गोंधळात साधा कागद हाताशी नसतो हे मला कळतं, पण पुढच्या वेळी मतमोजणी प्रतिनिधीच्या खिशात दोन कोरे कागद आणि पेन असू द्या. मशीनवरची फेरमोजणी म्हणजे तोच आकडा पुन्हा बघणं, आणि ग्रामपंचायतीच्या मशीनला व्हीव्हीपॅटच्या चिठ्ठ्याही नसतात. त्यापेक्षा उपयोगी गोष्ट म्हणजे मतदान संपल्यावर केंद्राध्यक्षांनी लिहून दिलेला एकूण मतांचा हिशेब. तुमच्या मतदान प्रतिनिधीने त्याची प्रत घेतली होती का, बघा. त्यातली एकूण मतं आणि मोजणीच्या टेबलावर मशीनने दाखवलेली एकूण मतं यांत एका मताचाही फरक असेल, तर फेरमोजणी मागायला तुमच्याकडे नुसत्या संशयापेक्षा भक्कम कारण आहे. आकडे जुळत असतील तर फेरमोजणीचा नाद सोडा. ती हक्क म्हणून मिळत नाही. मतदानाची गुप्तता उघडी पडत असल्याने कोर्ट फार जपून हुकूम देतं.

मशीन आणि मोहोरबंद कागद यांच्याबाबत मात्र वेळ घालवू नका. केंद्रावर खुणा केलेली मतदारयादी, म्हणजे कोण मत देऊन गेलं त्याची नोंद, हाच मयत आणि दुबार मतांचा एकमेव खरा पुरावा आहे. ते पाकीट सील होतं आणि कोर्टाच्या हुकमाशिवाय उघडत नाही. माहितीच्या अधिकारात मागून काही होणार नाही. ती मशीनं दुसऱ्या निवडणुकीला लागतात, तेव्हा आधीचा डेटा पुसला जातो. म्हणून मूळ अर्जासोबतच दुसरा अर्ज द्या, की मशीन आणि सगळी मोहोरबंद कागदपत्रं निकाल लागेपर्यंत जपून ठेवण्याचा आदेश व्हावा. तहसीलदारांनाही त्याच दिवशी पत्र द्या आणि आवक शिक्क्याची प्रत घ्या.

आता तुमच्या पत्रातला सर्वात मजबूत मुद्दा, जो तुम्ही शेवटी ढकलला आहे: गायरान. सरकारी किंवा सार्वजनिक जमिनीवर अतिक्रमण असेल तर कलम 14 प्रमाणे माणूस सदस्य होण्यास अपात्र ठरतो. ‘घर सासऱ्यांच्या नावावर आहे, माझ्या नाही’ हा बचाव येणार, तयार राहा. सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये जनाबाई प्रकरणात तो बचाव बराचसा बाद केला. कुटुंबाने केलेल्या अतिक्रमणात सदस्य स्वतः राहत असेल तर तोही सुटत नाही. छाननीतली हरकत चुकीची फेटाळली हा मुद्दा तुम्ही कोर्टाच्या अर्जातही घ्या. पण या अपात्रतेसाठी कलम 16 चा वेगळा रस्ता आहे: जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज. तो कोणीही करू शकतो, त्याला 15 दिवसांचं बंधन नाही, आणि शक्यतो 60 दिवसांत निर्णय द्यावा असं कायदाच म्हणतो. 60 दिवस कागदावरचे आहेत. तरी दिवाणी कोर्टातल्या तारखांपेक्षा हे लवकर होतं.

इथे भावनेचं काही काम नाही, कागद लागतात. गायरानाच्या गटाचा सातबारा काढा. घराचा नमुना 8 चा उतारा ग्रामपंचायतीतून काढा. घरपट्टीच्या त्या उताऱ्यात जागेचं वर्णन काय लिहिलंय ते बघा, बऱ्याचदा तिथेच ‘सरकारी जागा’ अशी नोंद सापडते. भूमी अभिलेखची मोजणी झाली तर सोन्याहून पिवळं. आणि त्या बाई तिथेच राहतात हे रेशनकार्ड, वीजबिल, मतदारयादीतला पत्ता यांतून दाखवा. एक धोका सांगून ठेवतो. हा अर्ज टाकायच्या आधी आपल्या पॅनेलच्या निवडून आलेल्यांची घरं कुठे आहेत ते तपासा. गायरानाचा विषय एकदा निघाला की समोरचेही मोजणी मागतात, आणि आपल्याकडे अर्ध्या गावांत गावठाण कुठे संपतं आणि गायरान कुठे सुरू होतं हे कोणालाच नीट सांगता येत नाही.

दुसरं, त्या अपात्र ठरल्या तर जागा रिकामी होते आणि पोटनिवडणूक लागते. वहिनी आपोआप सदस्य होत नाहीत. गावात हा गैरसमज पक्का आहे, म्हणून मुद्दाम लिहिलं.

जात वैधतेसाठी तुम्हाला आज काहीच करायचं नाही. राखीव जागेवर निवडून आलेल्या सदस्याने ठरलेल्या मुदतीत, म्हणजे 12 महिन्यांत, वैधता प्रमाणपत्र दिलं नाही तर निवड रद्द झाल्याचं मानलं जातं. शासन अधूनमधून या मुदतीला वाढ देणारे कायदे करतं, त्यामुळे तारीख जवळ आली की त्या वेळची तरतूद बघा. आज फक्त तहसील कार्यालयातून त्यांच्या नामनिर्देशनपत्राची आणि त्यासोबतच्या हमीपत्राची नक्कल काढून ठेवा.

अर्ज कोणी करायचा, हे तुम्ही विचारलं नाहीत, पण पत्र वाचताना मला तेच खटकत होतं. निवडणूक लढलेला उमेदवार किंवा त्या निवडणुकीत मत द्यायला पात्र असलेला मतदार, हेच दोघे अर्ज करू शकतात. तुमचं नाव सिंहगड रोडच्या यादीत असेल तर तुम्ही या प्रकरणात कोणीच नाही. अर्जदार वहिनी असतील. सही त्यांची, सत्यापन त्यांचं, शपथपत्र त्यांचं, आणि पुढे साक्षीच्या पिंजऱ्यातही त्याच. विधानसभेच्या याचिकेत तर याचिकादाराने दाखल करताना स्वतः हजर राहावं लागतं. वकिलाने नेऊन दिली म्हणून याचिका गेल्याचा 2009 चा सर्वोच्च न्यायालयाचा निर्णय आहे. ग्रामपंचायतीच्या अर्जातही मी वहिनींना त्या दिवशी कोर्टात सोबत ठेवीन. अर्जाच्या शेवटी सत्यापनात कोणता परिच्छेद स्वतःच्या माहितीतला आणि कोणता ऐकीव माहितीवरचा, हे लिहावं लागतं. त्यात वहिनींना माहीत नसलेल्या गोष्टी तुम्ही पुण्यात बसून लिहिल्या, तर उलटतपासात उत्तर द्यायला तुम्ही तिथे नसाल.

पूर्ण पत्रात ‘आम्ही हरलो’ असं तीन ठिकाणी आलंय, वहिनींना काय वाटतं ते एकदाही नाही. त्यांना पुढची दोन-तीन वर्षं तारखांना शिवाजीनगरला यायचंय का? ज्यांच्याविरुद्ध साक्ष द्यायची त्यांच्याच शेजारी राहायचंय. हा निर्णय त्यांचा आहे, आणि तो त्यांना एकटीला विचारा, सगळ्या पॅनेलसमोर नको. त्या ‘नको’ म्हणाल्या तर कलम 16 चा अर्ज गावातला दुसरा कोणीही करू शकतो.

माझं मत विचाराल तर: मयत-दुबार मतांची बेरीज दोन दिवसांत पूर्ण करा. ती 4 च्या वर गेली आणि वहिनी तयार असतील तर बाराव्या दिवसाच्या आत कलम 15 चा अर्ज टाका; त्यात मतं, छाननीतली हरकत आणि हिशेबातली तफावत असेल तर तेवढंच ठेवा. बेरीज भरली नाही तर कोर्टात जाऊ नका, गायरानाचे कागद जमवा आणि जिल्हाधिकाऱ्यांकडे जा. ईव्हीएमची तिरडी, तहसीलसमोर घोषणा, व्हॉट्सअॅपवर व्हिडिओ हे पंधरा दिवसांत करायला खूप जण सुचवतील. त्याने हातातले दिवस जातात, आणि रागाच्या भरात बोललेलं एखादं वाक्य पुढे उलटतपासात तुमच्याच तोंडावर वाचून दाखवतात.

आणि हो, हरलेल्या उमेदवारालाही निवडणूक खर्चाचा हिशेब निकालानंतर 30 दिवसांत द्यावा लागतो. तो न दिल्याने पाच वर्षांपर्यंत निवडणूक लढवायला अपात्र ठरवता येतं, आणि दर वेळी त्यात हरलेलेच जास्त अडकतात. वहिनींचा हिशेब गेला नसेल तर तहसीलला जाल तेव्हा तोही देऊन टाका, पोच घेऊन.